बांधाची हजामत

११ फेब्रुवारी

ही डायरी मागच्या वर्षीची. कचेरीत वाटून उरली, कपाटावर धूळ खात पडली होती, मी उचलली. पानांवरचे वार जुळत नाहीत, म्हणून रोज छापलेला वार खोडायचा आणि खरा लिहायचा. नदीबांध कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं जमतंच.

लिहायला बसले कारण धाकटी परत आली आहे. माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी लहान. बारा वर्षं बाहेर राहून पाण्याकाठच्या झाडांवर शिकली, शिकवलं, आणि आता आमच्याच नदीची योजना घेऊन आमच्याच घरात, माझ्याच खोलीत, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी अकरा खोकी रचून राहते आहे. मनात येतं ते सगळं तिला बोलले तर ती आठवड्यात निघून जाईल. नाही बोलले तर मी ते जावक नोंदवणाऱ्या सहकाऱ्यावर काढीन, आणि त्याला रक्तदाब आहे. म्हणून डायरी.

आज चहाच्या वेळी तिने बाबांना योजना समजावली. नदीचे दोन्ही बांध म्हणे तिच्या फार अंगावर आहेत. पसरायला जागा नाही म्हणून ती वर चढते. तेव्हा आमच्या बाजूला मागे एक नवा बांध घालायचा (तो गेल्या वर्षी झाला), जुन्याला दोन ठिकाणी खिंडारं पाडायची (तीही झाली), आणि मधलं सखल रान पुराला मोकळं सोडायचं. त्या रानात आणि नव्या बांधाच्या पायाशी वाळुंज, बोरू, लव्हाळी लावायची. पाणी पसरेल, झाडांत अडखळेल, बांधाला धडक देणार नाही. शिवाय पक्षी येतील, मासे अंडी घालतील.

“थोडक्यात, नदीला तिची जागा परत द्यायची,” ती म्हणाली.

बाबा अडतीस वर्षं बांधावर मुकादम होते. त्यांच्या हाताखालच्या बांधावर गुडघ्याच्या वर काही दिसत नसे. झुडपं वाढली की त्याखाली उंदीर बिळं करतात, भेगा दिसत नाहीत, मुळं कुजली की माती पोकळ होते. म्हणून पाण्याच्या हंगामाआधी दोनदा विळे-कोयते घेऊन बांध आणि बांधाच्या पायापासून वीस पावलं सगळं साफ. कचेरीत याला बांधाची हजामत म्हणतात. बाबांचं स्वतःचं तोंडही त्याच नियमाने चालतं, वाढलेलं दिसलं की छाटायचं.

“मी आयुष्यभर नदीला तिची जागा दाखवली,” बाबा म्हणाले, “आता ही तिला आमची देणार.”

मी हसले. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. “ताई, तू कोणाच्या बाजूने?”

“मी कचेरीच्या बाजूने,” मी म्हटलं. “लग्न तिच्याशीच झालंय.”

२३ फेब्रुवारी

लागवड सुरू झाली. नव्या बांधावर चार नंबरच्या दगडापासून नऊ नंबरच्या दगडापर्यंत. बांधावर दर अर्ध्या मैलाला खुणेचा दगड असतो, त्यांचे नंबर बाबांच्या हातचे. नव्या बांधावरही तेच दगड उचलून नेले, आणि बाबा खुर्चीत बसून रंग देत होते.

वाळुंजीचे मांडीएवढ्या उंचीचे दांडे जमिनीत ठोकायचे, झालं झाड. साडेचार हजार दांडे. शिवाय बोरूचे गड्डे, आणि मधूनमधून, आठव्या दगडाशी तर नुसतीच, उंबर नि करंजाची रोपं, जी धाकटीने स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांत वाढवली होती. तीन आठवडे मला खिडकी उघडता आली नाही. फोडणीचा धूर माझ्या डोळ्यांत आणि ऊन तिच्या पोरांच्या अंगावर.

जेवताना ती म्हणाली, हंगाम संपल्यावर समिती पाहणीला येणार. पट्टा उभा असेल तर खिंडारं उघडी राहतील. नसेल तर दगड घालून बुजवतील, नदी पुन्हा पहिल्यासारखी दोन बांधांत कोंडतील, आणि मग ती आमच्या खालच्या आळीतच येणार, दुसरीकडे जाणार कुठे.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दर पुराची एक रेघ आहे. बाबा पेन्सिलने मारतात, शेजारी साल लिहितात. पहिली घोट्याएवढी आहे. शेवटची ओट्याच्या वर चार बोटं. धाकटी त्या रेघांकडे पाहत जेवत होती. मी भाजी वाढली. तिला जास्त वाढली, असं बाबा म्हणाले. मोजत बसतात.

९ मार्च

आज वर्षाची सतरा पत्रं काढली. हे माझं आवडतं काम, कारण यात कोणाचीही अक्कल लागत नाही, माझीसुद्धा. मोजपट्ट्या पुसा, दगड रंगवा, दोरखंड तपासा, हजामत करा, पोती वाळवा, शिट्ट्या वाजतात का पाहा. मसुदे बाबांच्या काळापासूनचे. काही शब्दांचे अर्थ आता कोणालाच माहीत नाहीत, पण ते जातात आणि कामं होतात. मी फक्त तारीख बदलते.

साहेबांपुढे ठेवताना जिथे सही हवी तिथे पेन्सिलची फुली मारते. साहेब फुली पाहतात, सही करतात, पान उलटतात. सतरा सह्या झाल्या तरी त्यांच्या चहावर साय धरली नव्हती.

“तुम्ही आहात म्हणून ही कचेरी चालते बाई,” ते म्हणाले. दरवर्षी म्हणतात. तेही तारीखच बदलत असावेत.

वरच्या मजल्यावर धाकटीच्या योजनेची कचेरी आहे. मध्ये एक जिना आहे, कामासाठी तो कोणी वापरत नाही. त्यांचे कागद आमच्याकडे येत नाहीत, आमचे त्यांच्याकडे जात नाहीत. काल ती जिन्यात भेटली तर म्हणते, “ताई, खाली काय चाललंय?” मी म्हटलं, “तुला काय करायचंय खालच्यांशी?” उगाच म्हटलं. पण म्हटलं.

४ एप्रिल

दांड्यांना पानं फुटली. आठवडी सुटीला ती मला ओढून घेऊन गेली. साडेचार हजार काठ्या एका ओळीत, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवा झुबका, जणू शाळेतली पोरं पहिल्यांदाच तेल लावून उभी केली आहेत. पाच नंबरच्या दगडाशी पाण्यात एक खंड्या सूर मारत होता. धाकटी माझा दंड धरून उभी होती. बारा वर्षांत तिने माझा दंड धरलेला मला आठवत नाही.

“कशी आहेत?” तिने विचारलं.

“बारीक आहेत,” मी म्हणाले.

१९ एप्रिल

आज अक्षर लागणार नाही, न लागो.

सगळं कापलं. चार ते नऊ. साडेचार हजार दांडे, बोरू, उंबर, करंज, सगळं. धाकटी दोन दिवस वरच्या अंगाला बोरूचे गड्डे आणायला गेली होती, तेवढ्यात. आज सकाळी ती बांधावरून चालत परतली आणि तिला वाटलं ती चुकीच्या दगडाशी उतरली.

ती दारात पायरीवर बसून बूट काढत होती. चिखलाचे बूट, नाडीला गाठ बसलेली. मी बडबडत होते, कोण मेले, कोणाचे हात झडले, कोणत्या गाढवाने, वगैरे. मला शिव्या बऱ्या येतात, सत्तावीस वर्षं पुरुषांच्या कचेरीत बसले आहे. ती गाठ सोडवत राहिली. मग वर न बघता म्हणाली, “ताई, तुला काही माहीत होतं का?”

“मला काय माहीत असणार? मी कचेरीत असते.”

“हो,” ती म्हणाली. “तू कचेरीत असतेस.”

आणि आत गेली. मी तिच्यासाठी घसा फोडतेय आणि हिचा तोरा बघा.

२० एप्रिल

संशय पहिला: ठेकेदार. खिंडारं बुजवायचा दगड ज्याच्या खाणीतून यायचा तो. पण तो महिनाभर कोणाच्या तरी लग्नांना फिरतोय.

संशय दुसरा: बाबा. हो, लिहिते. कारण गेल्या आठवड्यात सध्याचा मुकादम, जो बाबांच्याच हाताखाली शिकला, घरी येऊन तासभर बसला होता. मी सरळ विचारलं.

धाकटीने आणलेला एक कापलेला खुंट ओट्यावर पडला होता. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला. “एका घावात मारलाय. तिरका. पाणी साचत नाही यावर. पोराला मी शिकवलंय ते विसरला नाही.”

“बाबा, मी काय विचारतेय?”

“वाळुंजच ना ही? जमिनीखाली हातभर खुंट आहे ना?”

“आहे.”

“मग रडताय कशाला एवढ्या?”

ऐंशी वर्षांच्या माणसाशी भांडता येत नाही. तो मधूनच ऐकतो आणि भलतंच बोलतो. मी खुंट चुलीजवळच्या टोपलीत टाकला. त्यांनी तो काढून पाण्याच्या तांब्यात ठेवला. ठेवा.

धाकटी माझ्याशी गरजेपुरतं बोलते. मीठ दे. दार लाव. मी काय केलंय हिचं?

२२ एप्रिल

मुकादमाला कामावरून घरी बसवलं, कापणारी माणसं त्याचीच होती म्हणून. साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली, कारण चौकशी म्हणजे कागद आणि कागद म्हणजे मी.

तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. टोपी हातात, कोपरं बोरूच्या पात्यांनी ओरखडलेली. बसा म्हटलं तर बसेना.

“कोणाच्या सांगण्यावरून कापलं?”

“वरून आलं होतं.”

“वरून म्हणजे? आकाशातून?”

“कचेरीतून.”

“कागद आहे?”

“होता. आता माझ्यापाशी नाही.”

“काय झालं त्याचं? उंदरांनी खाल्ला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आजारी माणसाकडे बघतात तसं. “बाई,” तो म्हणाला, “तुम्हीच लिहा काय लिहायचं ते.”

हा उद्धटपणा मी जसाच्या तसा नोंदवला. खाली लिहिलं: ‘सदर इसम आदेशाचा कागद सादर करू शकला नाही.’ माझं वळणदार अक्षर. कधी कधी माझ्याच अक्षराचा मला अभिमान वाटतो.

२६ एप्रिल

मुकादमाला पुरता अडकवायचा म्हणून आज जावक नोंदवही काढून घेतली. असा कागद कचेरीतून गेलेलाच नाही हे दाखवायचं होतं.

गेला आहे. ९ मार्च. सतरापैकी चौथा. फाइलीतली स्थळप्रत काढली. ‘बांध व बांधाच्या पायापासून वीस पावलांपर्यंत गुडघ्याहून उंच असे सर्व झाडझुडूप अपवाद न करता छाटून जागा स्वच्छ करावी. कुचराई करणारावर कारवाई होईल.’

खाली माझी आद्याक्षरं. साहेबांची सही. सहीखाली पेन्सिलची फुली, जी मी खोडत नाही कारण इतक्या बारीक गोष्टीला कोण वेळ घालवतो.

पुढे काही लिहिता येत नाही.

२७ एप्रिल

लिहिता येतं. रागात सगळं येतं.

मी सात दिवस गावभर शिव्या घालत फिरले. ठेकेदाराला, बापाला, टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. आणि कोयता माझ्या टेबलावरून गेला होता. मी दर वर्षी तो पाठवते, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून. कापणाऱ्याला निदान ओरखडे तरी उठले.

सकाळी धाकटी खिडकीत उरलेल्या बाटल्यांचं पाणी बदलत होती. मी म्हणाले, “पत्र माझं होतं.”

“माहीत आहे.”

तिने बुटांच्या खोक्यातून चौघडी घातलेला कागद काढून ओट्यावर ठेवला. मुकादमाकडचा. “त्याने मला त्याच दिवशी दिला. म्हणाला, ताईंची फुली आहे यावर, तुम्हीच बघा.”

“आणि तू आठ दिवस गप्प बसलीस? मी लोकांचे बाप काढत होते ते ऐकत बसलीस?”

“वाट बघत होते. तू बोलशील म्हणून.”

“अगं, मला कळलंच नव्हतं!”

“तेच तर,” ती म्हणाली. “तुला कळत नाही. बारा वर्षं तू मला पत्रं पाठवलीस ताई. ‘बाबा बरे आहेत. मी बरी आहे. पाणी येऊन गेलं. काळजी नसावी.’ मी ती एका खाली एक ठेवून पाहिली आहेत. तू तारीख बदलायचीस.”

मी तिला म्हणाले, निघून जा परत. ती म्हणाली, कुठे. तेवढ्यात बाबा तांब्यातला खुंट घेऊन दारात येऊन उभे राहिले, त्यांना दाखवायचं होतं काहीतरी. कोणीच बघितलं नाही.

२८ एप्रिल

स्थळप्रत घेऊन साहेबांकडे गेले. म्हणाले, मुकादमाचा दोष नाही, चूक माझी, माझ्यावर काय ती कारवाई करा. रात्रभर पाठ केलेलं वाक्य होतं.

साहेबांनी ते पत्र वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं असणार, कारण मध्येच म्हणाले, “चांगलं लिहिलंय हो.”

आणि मग त्यांचा चेहरा उजळत गेला. “पण बाई, यात चूक कुठे आहे? पत्र नियमाप्रमाणे, कापणं पत्राप्रमाणे. मुकादमाला उद्यापासून घ्या कामावर. चूक असलीच तर झाडं लावणाऱ्यांची. बांधाच्या वीस पावलांत लागवड केलीच कशी? आपल्याला विचारलं होतं?”

“ते वरच्याच मजल्यावर बसतात, साहेब.”

“म्हणून काय झालं? नोटीस काढा.”

मी एक माणूस सोडवायला गेले आणि बहीण अडकवून आले. नोटीस मीच टाइप केली. ‘आपण विनापरवानगी लागवड करून बांधाच्या सुरक्षिततेस बाधा आणली असून, पुढील अहवाल समितीपुढे ठेवण्यात येईल.’ खिंडारं बुजवायची पहिली वीट. पत्त्याच्या जागी आमच्या घराचा पत्ता.

शिपाई म्हणाला, “बाई, तुमच्याच घरी आहे, तुम्हीच न्या की.”

जेवायच्या आधी तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने वाचली, घडी घातली.

“पोच हवी असेल ना?”

हवी होती. घेतली. असल्या घरात राहते मी, आणि असली आहे.

मुकादमाच्या हजेरीपटावर सहा दिवसांचे खाडे तसेच आहेत. खोडायला गेले तर साहेब म्हणाले, हजेरीपटात खाडाखोड नको. कापायला परवानगी लागत नाही, खोडायला लागते.

१६ मे

आज बाबांनी मला हाताला धरून मोरीपाशी नेलं. तांब्यातल्या खुंटाला पाच फुटवे आले होते आणि खाली पांढरी मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी.

“तीन आठवडे दाखवतोय,” ते म्हणाले. “एक कापली की पाच येतात. आम्ही जन्मभर हिला कापत होतो ती उगाच का? दर वर्षी दुप्पट यायची सटवी.”

“मग सांगितलं का नाहीत सरळ?”

“सांगितलं की. रडताय कशाला म्हणालो.”

मी नि धाकटी दुपारी, एकमेकींशी न बोलता, एकाच रस्त्याने, दहा पावलांच्या अंतराने बांधावर गेलो. वाळुंज फुटली होती. सगळी नाही, पण बहुतेक. जिथे एक काठी होती तिथे झुडूप. बोरूही मधून वर आला होता. उंबर आणि करंज गेले ते गेलेच. ते खिडकीतले होते, त्यांना कापून घ्यायची सवय नव्हती.

मुकादम तिथे आधीच होता. खुंटांभोवतीचं तण काढत होता, स्वतःच्या वेळात. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, “चुकलं माझं.”

“बाकी सगळं कापायचं आणि एक पट्टा सोडायचा, हे आम्हाला कोण सांगणार बाई? तुम्हीच,” तो म्हणाला, आणि खुरपं चालवत राहिला. मग मान न उचलता: “दुसरं पत्र कधी येणार आहे?”

तो काय विचारतोय ते मला लगेच कळेना. मग कळलं. हजामत दोनदा होते. दुसरा हात जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाण्याच्या तोंडावर. ते पत्रही माझ्याच कपाटात आहे. त्या वेळी कापलं तर पूर यायच्या आत काहीही फुटणार नाही, पाच येवोत की पन्नास.

“नाही पाठवलं तर?” मी विचारलं.

“मग गेल्या वर्षीचं धरतो आम्ही. तसाच आदेश आहे तुमचा.”

खरंच आहे. हजामतीच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद. मीच घातला होता, कचेरीचा संप झाला त्या वर्षी. फार हुशार वाटलं होतं तेव्हा.

१ जून

साहेबांकडे तीनदा गेले, तोंडी. पहिल्यांदा: “नोटीस निघालीय ना? मग आता कसं.” दुसऱ्यांदा: “वरच्या मजल्यावरून लेखी येऊ द्या.” वरून धाकटीने लेखी दिलं. तिसऱ्यांदा: “आलंय, पण आवकला नोंद व्हायची आहे.” आवकवाला रजेवर आहे. त्याच्या जागी कोणी नाही, कारण त्याच्या रजेचा अर्जही आवकलाच अडकलाय.

एवढा संताप मला नदीचाही कधी आला नव्हता. ती निदान दर वर्षी एक रेघ तरी मारून जाते, काय केलं ते दिसतं.

३ जून

आज हंगामाची सात पत्रं काढली.

सहा जुनी. सातव्याचा विषय तोच, ‘बांधावरील झाडझुडपाबाबत’, पहिला परिच्छेद तोच. त्यानंतर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी एक वाक्य स्वतःचं लिहिलं: ‘चार ते नऊ क्रमांकाच्या दगडांमधील वाळुंज व बोरू हे बांधाचाच भाग समजण्यात यावेत, त्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये, त्यांची निगा मुकादमाने राखावी, हा आदेश दर वर्षी लागू राहील. कुचराई करणारावर कारवाई होईल.’ शेवटचं वाक्य जुनंच. ते चांगलं आहे.

प्रत वरच्या मजल्यास. जिन्याने.

लपवाछपवी मला करायची नव्हती. एकदा ती न करता एवढं झालं. साहेबांपुढे ठेवताना म्हणाले, “साहेब, सातव्या पत्रात या वर्षी बदल आहे. वाचून घ्या.”

“तुम्ही केलाय ना?”

“हो, मीच.”

“मग वाचायचं काय त्यात.”

फुलीवर सही झाली. मी म्हणाले, “साहेब, खरंच वाचा.” त्यांनी चष्मा शोधला. सापडला नाही. डोक्यावर होता. मी सांगितलं नाही. एवढं एक माझ्याकडून राहिलं, ते इथे नोंदवून ठेवते.

जावक करून घेतलं, पाकीट चिकटवलं, आणि ते मुकादमाकडे मी स्वतः चालत घेऊन गेले. त्याने वाचलं, टोपी काढून कागद आत ठेवला आणि टोपी पुन्हा घातली.

२१ जुलै

नदी आली.

तीन दिवस सखल रान म्हणजे समुद्र होता. खिंडारांतून पाणी आत शिरत होतं ते घरातून ऐकू येत होतं. बाबा पेन्सिल घेऊन भिंतीशी स्टुलावर बसून राहिले. धाकटी बांधावर, मुकादम बांधावर, मी भिजलेली पोती मोजतेय. वाळुंजीचे शेंडे पाण्यावर हलत होते आणि लाट त्यांच्यापर्यंत येऊन बसकण मारत होती. त्यांच्या मागे, बांधाच्या अंगाला, पाणी डबक्यासारखं उभं होतं. आठव्या दगडाशी जिथे फक्त उंबर नि करंज होते, तिथे बांधाला माणूसभर भगदाड पडलं. तिथे सगळ्यांनी पोती टाकली. तेवढंच भगदाड. त्यावर माझं नाव घालायला हरकत नाही.

खालच्या आळीत पाणी आमच्या बाहेरच्या पायरीपर्यंत आलं, पायरीवर बसलं आणि परत गेलं.

“रेघ कुठे मारू?” बाबांनी विचारलं.

“मारायची नाही या वर्षी.”

त्यांना पटलं नाही. त्यांनी पायरीवर जाऊन मारली.

१२ सप्टेंबर

समिती आली. पाचजण, स्वच्छ बुटांतले. चार ते नऊ चालून गेले. वाळुंज त्यांच्या डोक्याच्या वर.

साहेबांनी खिशातून माझं पत्र काढून मोठ्याने वाचून दाखवलं. “आमच्या कचेरीने हे वेळीच ओळखलं होतं,” ते म्हणाले. “म्हणून मी जूनमध्येच स्पष्ट आदेश दिले.” समितीने माना डोलावल्या. खिंडारं उघडी राहतील, असं जागेवरच लिहून घेतलं. धाकटीच्या नोटिशीचं काय, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, “ती कुठली?” म्हणजे ती मागे घेतलेली नाही, घेतली जाणारही नाही. झाडं लावणं गुन्हा आणि झाडं तोडणं गुन्हा, दोन्ही कागद एका फाइलीत शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचं भांडण होत नाही, कारण दोघांनाही कोणी वाचत नाही. मुकादमाचे सहा खाडेही तसेच.

धाकटी हसली नाही, पण मागे माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “चांगलं लिहिलंय हो,” हळूच म्हणाली, साहेबांच्या आवाजात.

२ ऑक्टोबर

ती गेली. दुसरी एक नदी आहे, तिचेही बांध अंगावर आहेत. अकरापैकी नऊ खोकी नेली. दोन माझ्या पलंगाशी सोडून गेली, मुद्दाम. खिडकीत उंबराच्या सहा बाटल्या, आठव्या दगडासाठी. फोडणीचा धूर पुन्हा माझ्या डोळ्यांत.

दारात म्हणाली, “पत्र पाठव.”

“पाठवीन.”

“ताई.”

“कळलं.”

९ ऑक्टोबर

चार कागद फाडले. पहिल्यावर आपोआप ‘बाबा बरे आहेत’ उतरलं होतं. दुसऱ्यावर साहेबांना घातलेल्या शिव्या, त्या खऱ्या होत्या पण तिला पाठ आहेत. तिसऱ्यावर माफी मागितली आणि ती इतक्या वळणदार अक्षरात झाली की मलाच खोटी वाटली. चौथ्यावर नुसताच पत्ता.

पाचवा पाठवला. त्यात एवढंच आहे, इथे उतरवून ठेवते:

‘मुकादम रोज तुझ्या वाळुंजीत जातो आणि मला येऊन उंची सांगतो, मी विचारत नाही तरी. उंबराच्या एका बाटलीत पान फुटलं, बाकी पाच तशाच. पाच नंबरच्या दगडावर खंड्या बसतो आणि बाबांच्या रंगावर घाण करतो. बाबांनी मला त्याच्याविरुद्ध पत्र काढायला सांगितलं आहे. अजून काढलेलं नाही.’